तीन आठवडे आणि एक दिवस

सकाळी दूध आलं की आमच्याकडे वहीत लिहायचं असतं. आधी तारीख, पुढे किती लिटर. वही स्वयंपाकघराच्या दाराला अडकवलेली आहे. पेन तिला दोऱ्याने बांधलेलं आहे, कारण न बांधलेलं पेन आमच्या घरात टिकत नाही. आज अर्धवट झोपेतच पातेलं पुढे केलं, दूध घेतलं, वहीत लिहिलं, २२/७. पुढे दीड लिटर लिहायचं होतं. हात तिथेच थांबला.

आकडा ओळखीचा होता. तारीख म्हणून नव्हे. तारीख दर वर्षी येते आणि जाते. ही ओळख त्याहून जुनी होती, खडूच्या वासाची.

बावीस सप्तमांश. पायची किंमत.

शाळेत वर्तुळाचा धडा यायचा. त्यात एक गंमत होती, ती मला फार उशिरा कळली. आमच्या पुस्तकातल्या वर्तुळाची त्रिज्या बहुतेक वेळा सात असायची. नाहीतर चौदा. नाहीतर एकवीस. फार तर साडेतीन. विहीर असो, बाग असो, गाडीचं चाक असो, सगळी वर्तुळं सातच्या पाढ्यात जन्माला आलेली. खालचा सात वरच्या सातने काटला जावा, पोरांना त्रास होऊ नये, एवढ्यासाठी कुणीतरी ही सगळी सोय करून ठेवलेली. कधी त्रिज्या दहा निघालीच, तर उदाहरणाच्या शेवटी कंसात लिहिलेलं असायचं, पायची किंमत ३.१४ घ्या. मला तेव्हा वाटायचं, पायला दोन किमती आहेत. एक रोजची, एक सणावाराची. दोन्ही अंदाजाच्या आहेत, असं बाईंनी सांगितलंही असेल. मी ऐकलं नसेल.

आज वहीतली ती तिरपी रेघ मी जरा वेळ बघत राहिलो. तारखेतली रेघ दिवस आणि महिना एकमेकांपासून लांब ठेवते. अपूर्णांकातली रेघ वरच्याला खालच्याने भागते. रेघ तीच. बघणाऱ्याने ठरवायचं.

एकदा अपूर्णांक म्हणून बघायला लागलं की सगळा जुलै बदलतो. एक तारखेला एक सप्तमांश. सात तारखेला पूर्ण एक. चौदाला दोन. एकवीसला तीन, अगदी नेमके तीन. महिना रोज एकेक सप्तमांश पुढे सरकतो आहे आणि आपण दुधाचा हिशेब लिहितो आहोत. आणि आज तीन पूर्णांक एक सप्तमांश.

सात म्हणजे आठवडा. मग बावीस सप्तमांश म्हणजे काय? तीन आठवडे आणि एक दिवस.

हे इतकं सरळ होतं आणि इतकी वर्षं दिसलं नव्हतं. एखादं गोल मैदान मनात आणा. इतकं मोठं, की मधून सरळ चालत गेलं तर पलीकडे पोचायला आठवडा लागावा. तोच माणूस त्याच चालीने कडेकडेने निघाला, प्रदक्षिणा घालायला, तर निघाल्या जागी परत यायला त्याला तीन आठवडे आणि एक दिवस लागेल. मैदान लहान असो की मोठं, हे नातं बदलत नाही. सरळ जाणाऱ्याला एक लागलं, तर फिरून येणाऱ्याला तीन आणि वर थोडं.

ते वरचं थोडं म्हणजे आजचा दिवस.

या दिवसाचा काही लोक उत्सव करतात. मोठा उत्सव मात्र आज नसतो, तो मार्चमध्ये होऊन गेलेला असतो. अमेरिकेत महिना आधी लिहितात, दिवस नंतर. त्यामुळे १४ मार्च तिथे ३/१४ होतो. सॅन फ्रान्सिस्कोमध्ये एक्स्प्लोरेटोरियम नावाचं विज्ञान संग्रहालय आहे. तिथे काम करणाऱ्या लॅरी शॉ यांना ही तारीख बघून काय वाटलं कोण जाणे. १९८८ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी गोल फिरून एक मिरवणूक काढली आणि फळांचा पाय खाल्ला. पाय नावाचा त्यांचा पदार्थ गोल असतो आणि त्या आकड्याचं नावही तसंच उच्चारतात, एवढ्या भांडवलावर सण उभा राहिला. पुढे मिरवणूक दुपारी एक वाजून एकोणसाठ मिनिटांनी निघू लागली, कारण ३.१४ च्या पुढचे आकडे १५९ आहेत. थट्टा करायची तर अशी मन लावून करावी. २००९ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने या दिवसाच्या बाजूने ठराव केला. २०१९ साली युनेस्कोने १४ मार्च हा आंतरराष्ट्रीय गणित दिन म्हणून जाहीर केला. एका शब्दाच्या कोटीतून निघालेला दिवस संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेपर्यंत जाऊन पोचला.

आपल्याकडे ते जमत नाही. आपण दिवस आधी लिहितो. तीन तारीख आणि चौदावा महिना, असा महिनाच नाही. एकतीस तारीख आणि चौथा महिना म्हणावं, तर एप्रिल तीसला संपतो. दशांश आपल्या तारखेत बसत नाही. बसतो तो अपूर्णांक. तो आज बसला आहे.

कोटीचं म्हणाल, तर मराठीतही पाय आहेच, पण तो खायचा नाही. तो चालायचा. आषाढ आला की महाराष्ट्रात लाखो पाय पंढरपूरच्या वाटेला लागलेले असतात आणि वाटेत माळावर गोल रिंगण धरलं जातं. मधून अश्व धावतो. रिंगण धरणाऱ्यांपैकी कुणी परिघ मोजत नसेल. मोजायचं कारणही नाही. मी आपलं एवढंच म्हणतो, की वर्तुळ आणि पाय यांचं नातं जोडायला आपल्याला बेकरीत जावं लागत नाही.

असे आणखीही दिवस आहेत. ५ मे २०२५ ही तारीख लिहिली की ५/५/२५ होते, पाच पंचे पंचवीस. तिला वर्गमूळ दिन म्हणतात. यात दिवस आणि महिना एकच असल्यामुळे अमेरिका आणि आपण यांचं भांडण मिटतं. शतकात असे नऊच दिवस येतात. पुढचा ६ जून २०३६ ला आहे. अशा दिवशी हौशी लोक कंदमुळांचे चौकोनी तुकडे करून खातात, हे वाचलं तेव्हा मला आमच्या बाजारातला मुळा आठवला. त्याच २०२५ मध्ये जुलैची चोवीस तारीख, २४/७/२५. चोवीसचा वर्ग आणि सातचा वर्ग यांची बेरीज पंचवीसच्या वर्गाएवढी. पायथागोरसचा काटकोन त्रिकोण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत एक दिवस येऊन बसला आणि दुसऱ्या दिवशी उठून गेला.

हे सगळं वाचताना मला देवळालीचे कापरेकर मास्तर आठवतात. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर. जन्म डहाणूचा, १९०५ सालचा. शाळेत गणित शिकवायचे आणि उरलेला वेळ आकड्यांशी खेळण्यात घालवायचे. त्यांचा ६१७४ हा आकडा आज जगभर त्यांच्या नावाने ओळखला जातो. कुठलेही चार अंक घ्या, फक्त चारही सारखे नकोत. त्यांची सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान मांडणी करून वजाबाकी करा. आलेल्या उत्तराचं पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळा. तुम्ही ६१७४ वर येऊन थांबता. एका प्रकारच्या संख्यांना त्यांनी डेम्लो हे नाव दिलं, ते एका रेल्वे स्थानकाच्या नावावरून. दुसऱ्या एका प्रकाराला नाव दिलं हर्षद. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने पूर्ण भाग जातो, ती हर्षद, म्हणजे आनंद देणारी. मी एकदा सहज करून बघितलं. २०२२, २०२३, २०२४, २०२५, ही चारही सालं ओळीने हर्षद निघाली. त्या चार वर्षांत आपण किती आनंदात होतो, तो विषय वेगळा. पण २०२५ ची आणखी एक खोड आहे. तो पंचेचाळीसचा वर्ग आहे आणि त्याचेच दोन तुकडे केले, वीस आणि पंचवीस, तर बेरीज पुन्हा पंचेचाळीस येते. पंचेचाळीससारख्या संख्यांनाही कापरेकरांचंच नाव आहे. मास्तर १९८६ साली गेले. ते असते तर २०२५ मध्ये त्यांनी रोज सकाळी तारीख लिहिताना काय काय काढलं असतं, असा विचार मनात येतो.

तारखेला यातलं काही ठाऊक नसतं. १४ मार्चला आइन्स्टाइनचा जन्म झाला, १८७९ साली, जर्मनीतल्या उल्म गावात. पायच्या दिवसाला तो योगायोग आयताच मिळाला. आपल्या बावीस जुलैलाही एक योगायोग आहे, त्याचा फारसा बोलबाला नाही. १९४७ साली याच तारखेला संविधान सभेने राष्ट्रध्वज स्वीकारला. झेंड्यावर पूर्वी चरखा होता. त्या जागी चक्र आलं. पांढऱ्या पट्ट्यावर निळं वर्तुळ, चोवीस आऱ्यांचं. बावीस छेद सात या तारखेला देशाच्या झेंड्यावर वर्तुळ आलं. याचा अर्थ काही नाही. पण कळल्यावर एकदा झेंड्याकडे बघावंसं वाटतं, एवढं खरं.

दूध गॅसवर ठेवलं. ते तापायला वेळ लागतो. मन पुन्हा त्या एका दिवसावर आलं.

तीन आठवडे आणि एक दिवस म्हटलं खरं, पण तो पूर्ण एक दिवस नाही. बावीस सप्तमांश म्हणजे पाय नव्हे. तो पायच्या जवळचा आहे. आपल्याकडे आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमाराला वर्तुळाचं माप दिलं. व्यास वीस हजार, तर परिघ बासष्ट हजार आठशे बत्तीस. म्हणजे ३.१४१६. इतकं नेमकं सांगूनही त्याने त्या मापाला आसन्न म्हटलं. आसन्न म्हणजे जवळ बसलेलं. किती नम्र शब्द आहे. पुढे ११५० साली भास्कराचार्यांनी लीलावतीत दोन मापं दिली. एक ३९२७ भागिले १२५०, त्याला म्हटलं सूक्ष्म. दुसरं आपलं बावीस सप्तमांश, त्याला म्हटलं स्थूल, आणि पुढे सांगून टाकलं, की व्यवहाराला हे चालतं. चाळीसगावजवळ पाटण गावी एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी त्यांच्या नातवाने मठ काढला, त्याची ती नोंद. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो उजेडात आणला. आमच्या पुस्तकातल्या कंसापेक्षा मला भास्कराचार्यांची रीत बरी वाटते. स्थूल आहे, स्थूल म्हणूनच दिलं. कुठे बरोबरचं चिन्ह घालून फसवणूक नाही.

आणि ज्या आर्किमिडीजपासून युरोपने हा अपूर्णांक घेतला, त्यानेही तो बरोबर म्हणून दिला नव्हता. वर्तुळाच्या बाहेरून शहाण्णव बाजूंची आकृती काढून तो एवढंच म्हणाला, की परिघ याच्या आत आहे. बावीस सप्तमांश ही त्याची वरची हद्द होती. म्हणजे हा आकडा पायपेक्षा थोडा मोठा आहे, हे बावीसशे वर्षांपूर्वीच ठाऊक होतं. ३.१४ थोडा लहान आहे, हे तर त्याच्या पुढचे आकडे बघूनच कळतं.

किती मोठा, किती लहान? मी पंचांग वाचावं तसं दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर मांडून बघितलं. आपला तो प्रदक्षिणा घालणारा एक जुलैला पहाट व्हायच्या कितीतरी आधी, मध्यरात्रीच्या ठोक्याला निघाला, असं धरा. न थांबता चालला. बावीस सप्तमांश खरा असता, तर तो आज मध्यरात्री बारा वाजता निघाल्या जागी पोचला असता. प्रत्यक्षात तो रात्री अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनीच पोचतो. पावणेतेरा मिनिटं आधी. आणि ३.१४ धरून हिशेब केला, तर तो अकरा एकतीसलाच दारात हवा. त्या वेळी तो अजून सोळा मिनिटांच्या वाटेवर असतो. म्हणजे एका हिशेबाच्या घरी पाहुणा जरा लवकर येतो, दुसऱ्या हिशेबाच्या घरी पानं वाढून ताटकळत बसावं लागतं.

शिवाय रोजची किंमत सणाच्या किमतीपेक्षा खऱ्याच्या जास्त जवळ निघाली. तेरा मिनिटं आणि सोळा मिनिटं. शाळेत ज्याला आम्ही साधा समजत होतो, तो दशांशवाल्यापेक्षा सरस.

२०२२ साली संगणकाने पायचे दशांश चिन्हापुढचे १०० लाख कोटी आकडे काढले. नासाची माणसं दुसऱ्या ग्रहाकडे यान धाडताना त्यातले पंधरा वापरतात. तेवढे पुरतात. आईला तर एकही लागत नव्हता.

आई ताट झाकायला गोल रुमाल शिवायची. नैवेद्याच्या ताटावरचा, पांढऱ्या कापडाचा, कडेने लेस लावलेला. लेस मोजायची तिची पद्धत ठरलेली होती. रुमालाच्या मधोमध लेस एकदा धरायची, दोनदा, तीनदा. मग तिसऱ्या मापाच्या पुढे डाव्या हाताची चार बोटं ठेवायची आणि तिथे कात्री लावायची. लहानपणी मी विचारलं होतं, ही चार बोटं कशाला? ती म्हणाली, तीन मापांत लेस पुरत नाही, जोड द्यावा लागतो, आणि जोड दिसतो. चार बोटांत थोडी शिवणीत जायची आणि थोडी उरायची. उरलेला तुकडा ती शिवणाच्या डब्यात टाकायची. त्या डब्यात असे पुष्कळ तुकडे होते, बोटभर, अर्ध्या बोटाचे. कशाला उपयोगी पडतील, हे तिलाही सांगता आलं नसतं. ती गेल्यावर डबा उघडला, तर ते सगळे एका दोऱ्याने बांधून ठेवलेले होते.

पाय तिला ठाऊक नव्हता. तो तीनपेक्षा मोठा आहे, एवढं तिच्या हाताला ठाऊक होतं. किती मोठा, हे कळायला तिने कधी वाट बघितली नाही. चार बोटं पुढे धरली आणि कापलं.

तसा आमचा दूधवाला. दीड लिटर मोजून झालं की माप पुन्हा कॅनमध्ये बुडवतो आणि पातेल्यात एक धार सोडतो. ही धार हिशेबात नसते. वहीत लिहायला तिला जागा नाही. इतक्या वर्षांत मी तिच्याविषयी काही बोललो नाही, तोही बोलला नाही. आज मात्र मी पातेल्यात बघत होतो. ती एक सप्तमांश नक्की नव्हती. पुष्कळच कमी होती. पण मापाच्या वर होती.

दूध वर आलं. गॅस बंद केला. वहीत दीड लिटर लिहायचं राहिलं होतं, ते लिहिलं. पान जुलैच्या पहिल्या तारखेपासूनच भरत आलं होतं. मी मघाशी सांगितलेले सगळे सप्तमांश त्यावर ओळीने, माझ्याच अक्षरात उतरलेले होते. पाच सप्तमांशला दोन लिटर घेतलेलं दिसलं, कुणीतरी आलं असेल. तेरा सप्तमांशला खाडा आहे.

उद्या २३/७. त्या आकड्याचं मात्र काही होत नाही.